नाव कोरलेली बुरशी

मी बुरशीवर काम केलं असं सांगितलं की माणसं आधी नाक मुरडतात आणि मग मला त्यांच्या घरातली भिंत दाखवायला घेऊन जातात. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर माझ्या निवृत्तीची वाटच बघत होते. मी घरी बसले त्याच आठवड्यात ते टॉर्च घेऊन दारात उभे. “मॅडम, आता काय, वेळच वेळ आहे तुम्हाला. जरा आमच्या बेडरूमचा कोपरा बघता का?” मी म्हटलं, “अहो, कोपरा कसला बघायचा, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप बघा.” “म्हणजे तुमचा तो विषय नाही तर,” असं म्हणून ते निघून गेले. कुणी पापडांचा डबा आणतं, कुणी चप्पल काढून पायाचं नखच पुढे करतं. नोकरीत असताना मानपाड्याच्या एका बेकरीवाल्याने नारिंगी बुरशी आलेली पावाची अख्खी लादी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती, आणि वर “पोरांच्या प्रॅक्टिकलला वापरा, फुकट,” असं औदार्य दाखवलं होतं. ती बुरशी एकदा मोकळी सुटली की प्रयोगशाळेतल्या दिसेल त्या प्लेटमध्ये शिरते. तिला निपटून काढण्यात आमचं एक सत्र गेलं. तो माणूस पुढे दर दिवाळीला नानकटाई पाठवायचा, ती मात्र उत्तम असायची.

तर डोंबिवलीच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर जे केलं ते बुरशी घालवण्याचं काम नव्हतं, सांभाळण्याचं होतं. आणि सांभाळायची तीही धडधाकट बुरशी नव्हे, मुद्दाम बिघडवलेली.

हे जरा सोपं करून सांगते, कारण नाही सांगितलं तर तुम्हीही मला भिंतच दाखवाल. आपलं अंग प्रथिनांचं, आणि प्रथिनं अमिनो आम्लांची. त्यातली काही आम्लं आपल्याला स्वतःला करता येत नाहीत, ती डाळीतून, दुधातून, अंड्यातून मिळवावी लागतात. बुरशीचं तसं नाही. तिला थोडी साखर, चिमूटभर क्षार आणि जरासा नायट्रोजन द्या, बाकी सगळी अमिनो आम्लं ती स्वतः करून घेते. या अशा कोरड्या खाद्याच्या प्लेटला आमची मुलं ‘उपासाचं ताट’ म्हणत, आणि जिच्यात सगळं तयार घातलेलं असे तिला ‘लग्नाचं जेवण’. एकेक आम्ल तयार व्हायला ओळीने टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्यामागे एक जनुक असतं. पुरणपोळ्यांचा घाट घालतो तेव्हा एकजण डाळ शिजवते, दुसरी पुरण वाटते, तिसरी लाटते, चौथी भाजते, तसंच. आता वाटणारी आलीच नाही असं समजा. पोळी होणार नाही, आणि शिजलेल्या डाळीची पातेली मात्र साठत जाणार. अशा वेळी बाहेरून आणखी डाळ आणून दिली तर उपयोग शून्य. वाटलेलं पुरण आणून दिलं की गाडं पुढे सरकतं. आम्ही बुरशीवर अतिनील किरण टाकून असा एखादा टप्पा मोडायचो, आणि मग काय दिलं की ती जगते ते बघून कुठला टप्पा मोडला ते शोधायचो. माझी सगळी नोकरी ही अशी कोण कामावर आलं नाही ते शोधण्यात गेली.

“पण याचा उपयोग काय?” हा प्रश्न मला प्राचार्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. पहिली काही वर्षं मी नीट उत्तर द्यायची. सांगायची, की माणसाच्या बाळांमध्येही असाच एखादा टप्पा जन्मतः मोडलेला असू शकतो, ते वेळेत कळलं नाही तर मेंदूवर परिणाम होतो, आणि हे टप्पे मुळात कसे चालतात ते आपल्याला बुरशीसारख्या साध्या जीवांनी शिकवलं. समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, “हो, पण बुरशीचा उपयोग काय?” पुढे पुढे मी उत्तर देणं सोडून दिलं.

वैशाली माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. दिव्याला राहायची. लग्न एम.एस्सी.नंतर लगेच झालेलं, नवरा एमआयडीसीत शिफ्टमध्ये, घरी सासूबाई. पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे ही कधी सकाळी उगवायची, कधी दुपारी, आणि ओल्या बाह्यांनीच कोट चढवायची. मी तिला उशिरासाठी पुष्कळ बोलले आहे. पण हात असा, की तिने बीजाणू टोचलेली प्लेट कधी दूषित झाली नाही. विद्यापीठाने तिला शेवटची मुदतवाढ दिली होती, आणि घरूनही तसंच बजावलं गेलं होतं. या खेपेला प्रबंध सादर झाला तर झाला, नाहीतर पुरे झालं शिक्षण, असं सासूबाईंनी सांगून टाकलं होतं.

तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका वाणावर उभा होता. प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल करता न येणारी एक हिरवी बुरशी तिच्याकडे होती. बाहेरून प्रोलीन दिल्याशिवाय ती वाढत नसे. तिच्यावर पुन्हा किरण टाकल्यावर एक ठिपका उपासाच्या ताटात हळूहळू, पण वाढायला लागला. मी म्हटलं, मोडलेलं जनुक दुरुस्त झालं असेल, दे सोडून. वैशालीने सोडलं नाही. महिनोन्‌महिने खपून तिने दाखवून दिलं की दुरुस्त काहीच झालेलं नाही, उलट आणखी एक टप्पा बिघडलाय, आणि तोही भलत्याच ओळीतला. आर्जिनीन करण्याच्या ओळीत मध्ये ऑर्निथीन नावाचा पदार्थ होतो. त्याच्या पुढचा टप्पा मंदावला होता, म्हणून ऑर्निथीन साठत होतं, आणि ते साठलेलं दुसऱ्या वाटेने प्रोलीनमध्ये बदलत होतं. पुन्हा स्वयंपाकघरातच यायचं तर, डाळीचं पातेलं साठलं म्हणून शेजारच्या चुलीवर कुणीतरी त्याची आमटी केली, आणि ज्या घरात आमटीच होत नव्हती ते घर जेवलं. दोन ठिकाणी मोडलेली ही बुरशी ताटात इतकी निरागस दिसायची की आम्ही तिचं नाव ‘साळसूद’ ठेवलं.

आता खंडेनवमी. आमच्या विभागात त्या दिवशी उपकरणांची पूजा व्हायची. मला त्यातल्या भक्तीशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा का होईना मायक्रोस्कोप पुसले जातात म्हणून तो दिवस आवडायचा. माझा नियम एकच, की हळदकुंकू भिंगाला लावायचं नाही. त्या वर्षी जुना फ्रिज बंद करून आतला बर्फ काढायला घेतला होता, म्हणून धडधाकट आणि बिघडवलेल्या वाणांच्या सगळ्या ट्यूब स्टँडमध्ये लावून टेबलावर काढल्या होत्या. खरं म्हणजे दुसऱ्या फ्रिजमध्ये एक जादा संच असायचा. तो फ्रिज उन्हाळ्यात बंद पडला, नव्यासाठी अर्ज केला, अर्ज कुठेतरी फिरत होता, आणि तेवढ्यात तो संच मेला. आता या उरलेल्या ट्यूबांवर कुठली कोण ते काचेवर मार्करने लिहिलेलं असायचं. कागदी चिठ्ठ्या फ्रिजच्या ओलाव्याने गळून पडतात, म्हणून सगळे मार्करच वापरायचे. मार्कर पाण्याने जात नाही, स्पिरिटने जातो.

वैशालीच्या सासूबाई, मालतीताई, त्या दिवशी पहिल्यांदा कॉलेजात आल्या. सून रोज जाते कुठे ते डोळ्यांनी बघायचं होतं. काठपदराची साडी, हातात पेढ्यांचा पुडा आणि पिशवीभर झेंडू. वैशालीला नेमकं परीक्षेच्या देखरेखीला बोलावलं आणि मला प्राचार्यांनी. मूल्यांकन समिती यायची होती, तिच्यासाठी ‘विभागाची बलस्थानं’ लिहायची होती. मी म्हटलं, “मालतीताई, पाच मिनिटं बसा, आलेच.” प्राचार्यांची पाच मिनिटं कशी असतात ते मला तेव्हा लक्षात ठेवायला हवं होतं.

परत आले तर प्रयोगशाळा झगमगत होती. ओट्यावर झेंडूच्या पाकळ्या, जंतू मारायच्या मोठ्या कुकरला, म्हणजे ऑटोक्लेव्हला, हार, आणि टेबलावर स्टँडमध्ये ओळीने स्वच्छ, पारदर्शक, कोऱ्या ट्यूब. प्रत्येकीला कुंकवाचं एकेक बोट.

“बघा मॅडम, कशा लख्ख केल्या!” मालतीताई पदराने कपाळ पुसत म्हणाल्या. “काय ती काळी शाई, पोरांनी नुसती चितारून ठेवलेली. पान्यानं हलेना. मग ती बाटली दिसली स्पिरिटची. दोन बोळे फिरवले नि सगळं साफ!”

तेवढ्यात वैशाली आली. तिने टेबलाकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि म्हणाली, “छान केलंत, आई.” मालतीताईंनी आमच्या दोघींच्या हातावर पेढे ठेवले आणि आम्ही ते खाल्ले. एवढा कडू पेढा मी जन्मात खाल्ला नाही.

त्या गेल्यावर वैशाली स्टुलावर बसली. मग म्हणाली, “मॅडम, आईंना सांगायचं नाही.”

“का नाही? सांगायलाच हवं!”

“नको. नवरात्रात, पूजेच्या दिवशी, त्यांच्याच हातून पुसलं गेलंय. त्या म्हणतील, देवीच्याच मनात नाही. मग मी काय बोलू?”

यावर माझा पारा आणखी चढला. तो मी फ्रिजच्या अर्जावर काढला. कडक भाषेत नवा अर्ज लिहिला, तोही पुढे फिरत राहिला.

प्रबंध लिहून होत आला होता, पण ज्या वाणावर तो उभा तो कोणता हेच दाखवता आलं नाही, तर सगळं लिहिलेलं फुकट. तर आता काम असं होतं. सगळ्या बुरश्या दिसायला सारख्या. कोणती कोण, हे तिलाच विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे खायला घालून बघायचं. प्रत्येक ट्यूबमधले बीजाणू उपासाच्या ताटात टोचायचे, मग एका ताटात हे आम्ल घाल, दुसऱ्यात ते घाल, आणि कोण कशाने वाढतं ते बघ. मेथिओनीनवाली सापडली, लायसीनवाल्या सापडल्या. एक बया काही केल्या वाढेना, तिला आयसोल्युसीन आणि व्हॅलीन दोन्ही एकदम लागत होती, एकेकटं दिलं तर ढिम्म. दिवाळी त्यात गेली. वैशालीने घरी सांगितलं की कॉलेजात जादा तास आहेत.

आणि साळसूद? तिची गोम तुमच्या लक्षात आली असेलच. ती उपाशी ताटात वाढते. म्हणजे ती मागत काहीच नाही. जी मागते तिची ओळख पटते; जी गुपचूप वाढते तिला ओळखायचं कसं? अशा काही न मागणाऱ्या बऱ्याच ट्यूब निघाल्या. काही मूळच्या धडधाकट, काही खरोखर दुरुस्त झालेल्या, आणि त्यांच्यात कुठेतरी साळसूद. वाढ जरा हळू, पण तशा हळू वाढणाऱ्या इतरही होत्या. एकच उपाय होता. प्रत्येकीचा धडधाकट बुरशीशी संकर करायचा आणि पोरं तपासायची. जिच्या पोरांत प्रोलीन मागणारी निघतील तिच्या पोटात ते जुनं मोडलेलं जनुक दडलेलं आहे, ती साळसूद. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या बुरशीची खसखशीहून बारीक काळी फळं सुईने उचलायची, आगरच्या जेलीवर घोळवून वरचे बीजाणू काढून टाकायचे, मग फोडायची. आठवड्यांमागून आठवडे जातात, घाई केली की चुकतं, आणि मुदतीला हे कळत नाही.

अशात एके दिवशी मालतीताई पुन्हा आल्या. या वेळी पेढे नव्हते.

“मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, पन बोलते. पोरीला किती राबवता? जेवायला शुद्ध नाय तिला. रात्री झोपेत बुरशी बुरशी करते. पुस्तक लिहून झालं सांगत होती दसऱ्याआधी, मग आता काय चाललंय? तुम्हाला फुकटचा मानूस मिळालाय म्हणून—”

दिवसभर समितीच्या तक्त्यांत डोकं घालून मी आधीच करपलेली होते. “मी राबवते?” मी ओरडलेच. “तुम्ही त्या दिवशी जी शाई पुसलीत ना, ती पोरांनी चितारलेली नव्हती. ती नावं होती! तुमच्या सुनेची चार वर्षं होती ती!”

वैशाली दारातच उभी होती. “मॅडम,” ती म्हणाली, “मी सांगितलं होतं ना तुम्हाला.” तिच्या आवाजात संताप होता.

मालतीताई ट्यूबांच्या स्टँडजवळ गेल्या, हात मागे बांधून, लहान मुलाला दुकानात उभं करतात तशा. “शाईनं नाव घालतात का कुनी?” त्या अगदी हळू म्हणाल्या. “आमच्यात साध्या वाटीवरपन कोरून घेतात.” आणि निघून गेल्या.

मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं, “बघ, चूक स्वतःची आणि वर शिकवतात मला!” पण दुसऱ्या दिवसापासून वैशाली सकाळी वेळेवर यायला लागली, कोरड्या बाह्यांनी. विचारलं तर म्हणाली, “पाणी आई भरतात आता. माझ्याशी बोलत नाहीत, पण डबा भरून देतात.” देवीच्या मनात काय आहे याबद्दल मात्र त्या घरात अवाक्षर निघालं नाही.

साळसूद सापडली ती अशी. एका संकराची पोरं उपासाच्या ताटात टोचलेली होती. सकाळी ताट काढलं तर हिरव्या ठिपक्यांच्या रांगांमध्ये मध्येमध्ये जागा रिकाम्या. वैशालीने तीच पोरं प्रोलीन घातलेल्या ताटात टोचली, आणि त्या रिकाम्या जागा भरून आल्या. तिने ताट माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला एकदम रडायला आलं. मी म्हटलं, “हात धुतलेस का?”

प्रबंध मुदतीत गेला. खुल्या मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, सभ्य गृहस्थ, पण चिकित्सक. मागच्या रांगेत मालतीताई त्याच काठपदराच्या साडीत. सगळं नीट चाललं होतं. मग परीक्षकांनी चष्मा वर केला. “हे एक प्रकरण मला कळलं नाही. तुमच्याकडे वाण आधीच होता, मग त्याची पुन्हा एवढी ओळख पटवण्याचं कारण?”

वैशाली म्हणाली, “सर, काही कारणाने ट्यूबांवरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या.”

“काही कारणानं नाय, साहेब.” मागून आवाज आला. मालतीताई उभ्या राहिल्या होत्या. “मी पुसलेल्या. पूजेच्या दिवशी, माझ्या हातानं. तिनं मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाय. तिचं काय गुण कापायचे असतील तर ते कापू नका.”

परीक्षकांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला आणि म्हणाले, “बसा ताई. या प्रकरणामुळे प्रबंध उलट पक्का झालाय. आता या वाणाबद्दल कुणालाच शंका काढता येणार नाही, मलासुद्धा.” वैशालीला पदवी मिळाली. चहाच्या वेळी मालतीताईंनी पिशवीतून स्टीलचा एक घट्ट झाकणाचा डबा काढून माझ्या हातात दिला. भांड्यांच्या दुकानात नाव घालून आणलेला. झाकणावर कोरलं होतं, ‘साळसूद. सौ. वैशालीची बुरशी. मालती यांजकडून सप्रेम.’ खाली खंडेनवमीची तिथी. दुकानदाराने काय विचारलं असेल कोण जाणे.

मी निवृत्त झाले तशी ती प्रयोगशाळाही निवृत्त झाली. तिथे आता संगणकाचे काहीतरी वर्ग चालतात. वाण घ्या, म्हणून मी किती संस्थांना फोन केले! कुणाकडे जागा नाही, कुणाकडे माणूस नाही. एकाने तर “फोटो पाठवा” म्हणून सांगितलं. बुरशीचा फोटो घेऊन तो काय करणार होता? शेवटी सगळ्या ट्यूब ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या, मीच बटण दाबलं. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. सगळ्यांची जनुकं, सगळ्यांचे टप्पे, सगळं उकळून ओतून दिलं आणि वर ‘विभाग स्वच्छ केल्याबद्दल’ माझे आभार मानले गेले.

एक तेवढी उरली. साळसूदचे बीजाणू आम्ही कोरड्या वाळूत मिसळून काचेच्या छोट्या कुपीत बंद केले. असे ते वर्षानुवर्षं टिकतात. ती कुपी मालतीताईंच्या डब्यात घालून मी वैशालीच्या घरी धाडली. वाण घरी न्यायचा नाही हा माझाच नियम, आणि तो मीच मोडला. वैशाली आता ठाण्यात एका तपासणी प्रयोगशाळेत नवजात बाळांच्या रक्ताच्या थेंबातली अमिनो आम्लं तपासते. तिथेही बुरशीला जागा नाहीच. म्हणून जगात दुसरीकडे कुठेही नसलेला हा वाण दिव्याच्या एका खोलीत, लग्नातल्या पातेल्यांच्या शेजारी, कपाटात बसलाय. हे कुणाला सांगावं तर लाज वाटते, आणि ती लाज माझी नाही.

दर खंडेनवमीला डबा पाटावर येतो आणि मालतीताईंचा मला फोन येतो.

“मॅडम, डबा पूजेला घेतलाय. जरा धूळ बसलीय. पुसू का?”

“अहो, हात लावू नका त्याला!” मी दर वर्षी ओरडते.

“पुसते हां,” त्या म्हणतात, “तुमच्यासारखं शाईनं नाय लिहिलेलं.”